समुद्रकिनारी लग्न करायचंय. जागा बघायला जाताना नेमकं काय बघावं? कोकण बरं की गोवा?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या हिवाळ्यात दीडशे माणसांत किनाऱ्यावर लग्न करायचंय, त्यासाठी तीन-चार दिवस काढून कोकण-गोव्यातल्या जागा बघून यायच्या आहेत, पण तिथे जाऊन तपासायचं काय हेच कळत नाहीये. गेल्या फाल्गुनात माझ्या लेकीचं लग्न वेंगुर्ल्याजवळ झालं. त्याआधी आम्ही अलिबागपासून मोरजीपर्यंत चौदा जागा पालथ्या घातल्या होत्या, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निघण्याआधी मुहूर्ताची तिथी हातात असू द्या. तारीख नव्हे, तिथी. आम्ही हे केलं नव्हतं आणि त्यामुळे जवळजवळ फसलोच होतो.

दत्तजयंतीच्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आम्ही एका किनाऱ्यावर पोचलो. समोर लांबरुंद, सपाट, घट्ट वाळू. एका वेळी तीन मांडव मावतील एवढी. मुलीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की अंतरपाट इथेच धरायचा. जागेचे व्यवस्थापकही हो म्हणाले, आगाऊ रकमेचं बोलणं सुरू झालं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ जाळं आवरत होते. त्यांनी विचारलं, लग्न कधी? आम्ही सांगितलं, फाल्गुन शुद्ध दशमी, गोरज मुहूर्त. ते म्हणाले, "आज पुनव, म्हणान इतकी वाळू दिसता. दशमीक ह्या वेळाक तुमी उभे आसात थय पाणी आसतला."

मग त्यांनीच हिशोब शिकवला. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती. दशमीला साडेसात. अमावास्या-पौर्णिमेला भरती भर दुपारी आणि मध्यरात्री, त्यामुळे संध्याकाळी ओहोटी, आणि तीही उधाणाची, म्हणजे पाणी खूप आत गेलेलं. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा पाऊणपटीचा हिशोब जमतो. मुंबई-अलिबागकडे तो बऱ्यापैकी लागू पडतो. मालवण-गोव्याकडे भरती साधारण तासभर आधी येते, म्हणजे आमच्या मुहूर्ताला समुद्र अगदी भरलेला असणार होता. उत्तरेकडे पाण्याचा चढउतारही मोठा असतो. मुंबई-अलिबागला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो, गोव्यात दोनेक मीटर. म्हणून अलिबाग, नागाव, मुरुडकडे तिथी न बघता किनारा पसंत करणं जास्त धोक्याचं.

अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत पाणी फार वर चढत नाही, तसं फार आतही जात नाही. मध्यम रुंदीचा एक कोरडा पट्टा दिवसभर उरतो. तो केवढा, हे गावातला माणूसच पायाने रेघ ओढून दाखवू शकतो. प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी ती ओढायला लावा. शक्य असेल तर जागा बघायला मुहूर्ताच्याच तिथीला, त्याच घटकेला जा. आधीच्या महिन्यातली तीच तिथी चालते. माझ्या मते चौदा जागा धावत बघण्यापेक्षा चार जागा योग्य तिथीला बघणं कितीतरी बरं.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, ते तिथे उभं राहिल्यावर समजतात. हिवाळ्यात सकाळी हवा शांत असते. अकरा-बाराला समुद्राकडून वारं सुटतं, दुपारी तीन-चारला जोर धरतं आणि सूर्य बुडाल्यावर पडतं. एका ठिकाणी आमच्या भटजींनी फोनवरून सांगितलं म्हणून आम्ही दुपारी साडेतीनला वाळूवर चार गोवऱ्या आणि कापूर पेटवून बघितला. ठिणग्या दहा-बारा फुटांवर उडत होत्या. तिथे झिरझिरीत पडद्यांचा मांडव आणि मध्ये होम, ही कल्पना मी त्याच क्षणी सोडली. होम आणि सप्तपदी भिंतीच्या किंवा दाट झाडीच्या आडोशाला हवी. बांबूचे खांब सैल वाळूत तग धरत नाहीत, त्यांना रेतीची पोती बांधावी लागतात. मांडववाल्याने याआधी वाळूत काम केलंय का, ते नक्की विचारा.

ऊन कुठून येतं तेही बघा. आपला सगळा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. होमाला वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात, म्हणजे समुद्र त्यांच्या पाठीशी येतो आणि फोटो सुंदर येतात. पण समोर बसलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांत मावळतीचं ऊन थेट घुसतं. अर्धा तास कपाळावर हात धरून कोण बसणार? खुर्च्या तिरक्या मांडा, नाहीतर मंगलाष्टकं सूर्य टेकल्यावरच सुरू करा.

जागा बघायला जाताना घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला सोबत न्या, हे मी कळकळीने सांगते. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, गुडघे दुखतात. आम्ही तरुण माणसं फक्त देखावा बघत होतो. त्यांनी मात्र खोलीपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या, कठडा आहे का, बाथरूमला उंबरा किती उंच, हे सगळं चालून दाखवलं. सैल वाळूत प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय रुततात आणि खुर्ची कलंडते. त्या एकदा बसल्या आणि लगेच उठल्या. नऊवारी आणि शालू नेसलेल्या बायकांचेही वाळूत हाल होतात. जिथे जमीन घट्ट आहे, माडांची सावली आहे आणि समुद्र नुसता दिसतो, अशा ठिकाणी दोन तास सुखाने बसता येतं.

पाणी प्यायला मागा, नळाचं. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याकडे मचूळ होत जातं. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, चहा बिघडतो आणि दीडशे माणसांच्या स्वयंपाकाची चव जाते. आचाऱ्याला आधी हे सांगा. तो टँकर किंवा जारचं पाणी धरूनच भाव देईल. वीज गेली तर जनरेटर किती वेळ चालेल, डिझेल कुणाचं, बाहेरचा आचारी चालतो का आणि त्याचे जादा किती, हे सगळं लेखी घ्या.

परवानगीबद्दल बरेच जण गुळमुळीत बोलतात, म्हणून स्पष्ट लिहिते. भारतात खासगी किनारा असं काही नसतं. भरतीरेषेच्या खालची वाळू सरकारची. "बीच आमचाच आहे" असं कुणी म्हणालं तर ती फक्त जाहिरात समजा. भरतीरेषेपासूनच्या पट्ट्याला सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमनाचे नियम लागू आहेत, त्यामुळे किनाऱ्यावर तात्पुरता मांडव घालायलाही परवानगी घ्यावी लागते. गोव्यात पर्यटन खातं आणि तिथलं किनारा व्यवस्थापन प्राधिकरण, आपल्याकडे जिल्हा प्रशासन, मेरीटाइम बोर्ड, पोलीस, ग्रामपंचायत. मागच्या लग्नाची परवानगी दाखवा म्हणावं. कागद दाखवता आला नाही, तर तुमच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव उतरवायची वेळ येऊ शकते. लाउडस्पीकर उघड्यावर रात्री दहानंतर वाजवता येत नाही, हा ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम दोन्हीकडे सारखाच. गोरज मुहूर्त धरला तर संगीत आदल्या दिवशी उरकून घ्या.

आणि दोन गोष्टी ज्या कुठल्याच माहितीपत्रकात नसतात. किनारा हे कुणाचं तरी कामाचं ठिकाण असतं. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागते, पंचवीस-तीस माणसं दोर ओढत असतात. होड्या वर घेतलेल्या असतात, मासळी वाळत घातलेली असते. त्या वासाला नाक मुरडून, "लग्नापुरतं हे हलवा" असं सांगणारी माणसं मी बघितली आणि मला फार वाईट वाटलं. आम्ही गावच्या रापणकरांना जाऊन भेटलो, वेळ सांगितली, आमंत्रण दिलं. त्यांनी होड्या त्या दिवशी आपणहून थोड्या बाजूला घेतल्या.

दुसरी गोष्ट कासवांची. वेळास, आंजर्ले, केळशी, गुहागर, गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि तो हंगाम नेमका आपल्या लग्नसराईतच असतो. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. मांडवाचे झगझगीत दिवे दिसले तर समुद्राऐवजी तुमच्या मांडवाकडे येतात आणि मरतात. अशा गावात लग्न करायचं असेल तर वाळूकडे तोंड केलेला एकही दिवा नको, फटाके तर नकोच. एवढं पाळायची तयारी नसेल तर दुसरं गाव निवडा.

आता कोकण की गोवा. दक्षिण गोव्यात कोलवा, बाणावली, वार्का, कॅव्हेलोसिमच्या पट्ट्यात मोठी हॉटेलं आहेत, दीडशे माणसं एका छताखाली राहू शकतात, विमानाने येणाऱ्यांना दाबोळी आहे. ज्यांच्याकडे पाहुणे दिल्ली, बंगळुरू, परदेशातून येणार आहेत आणि धावपळ करायला घरची माणसं कमी आहेत, त्यांनी गोवाच बघावा. मात्र नाताळ ते नवीन वर्ष सोडा, तेव्हा भाव आणि गर्दी दोन्ही असह्य. निम्मे पाहुणे मुंबईचे आणि वयस्कर असतील तर अलिबाग सोयीचं, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरता येतं. शनिवार-रविवार टाळा, मोटारबोटी आणि घोडागाड्यांच्या गलक्यात मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत. तारकर्ली-देवबागबद्दलही माझं हेच मत आहे, सुट्टीला सुंदर, लग्नाला गजबजलेलं.

आम्ही वेंगुर्ला धरलं, कारण आमची ठाण्याची मंडळी रेल्वेने कुडाळ-सावंतवाडीला उतरू शकत होती, कोल्हापूरचे व्याही आंबोली घाटातून चार तासांत आले आणि लांबचे पाहुणे गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरले. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं, त्यामुळे तो दिवस वहीत लिहून ठेवा आणि घरातल्या दोघा-तिघांनी एकदम बसून तिकिटं काढा. राहायला एक मोठं हॉटेल मिळालं नाही, पाच घरगुती निवासांत पाहुणे वाटावे लागले. त्याचा त्रास झाला, ने-आण करायला दोन मिनीबस आणि एक भाचा पूर्ण दिवस लागला.

मांडव शेवटी किनाऱ्यावर घातलाच नाही. एका माडाच्या बागेत, वाळूपासून शंभर-सव्वाशे पावलांवर, चिऱ्यांच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या आत लग्न लागलं. सुरंगीच्या फुलांचा हंगाम होता, सगळ्या बायकांच्या केसांत त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे होते. मंगलाष्टकं संपली तेव्हा वारं पडलं होतं आणि भरतीचा आवाज बागेत स्पष्ट ऐकू येत होता. अक्षता टाकून झाल्यावर मुलगी आणि जावई गडग्याच्या फाटकातून पाण्यापर्यंत गेले. त्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं तसाच समुद्र वरपर्यंत आला होता. सासूबाई फाटकाजवळच्या चिऱ्यांच्या पायरीवर बसल्या, दोघंही तिथेच त्यांच्या पाया पडले.