वाचकांचे प्रश्न : दोन सॉकेट, शून्याखाली

प्रश्न : माझ्याकडे दोन सॉकेटचा (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा) जुना सर्व्हर बोर्ड आहे, प्रत्येकी 150 वॉटचे दोन प्रोसेसर. वेग चढवण्यासाठी दोन्ही उणे 30 अंशांच्या आसपास चालवायचे आहेत. एकाच कॉम्प्रेसरवर दोन हेड बसवता येतील का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बसवता येतील. हेड म्हणजे प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा पोकळ ठोकळा, त्यात गॅस उकळतो आणि उष्णता ओढून घेतो. थंड करणं त्यात फारसं अवघड नाही, दोन्ही हेड सारखी थंड ठेवणं अवघड आहे.

आधी भार मोजा. व्होल्टेज आणि वेग चढवला की 150 वॉटचा प्रोसेसर सहज 200 वॉटवर जातो, म्हणजे दोघांचे 400 धरा. प्रोसेसरचा पृष्ठभाग उणे 30 हवा तर आतला गॅस उणे 40च्या जवळ उकळायला लागतो. फ्रीझरच्या कॉम्प्रेसरची छापील क्षमता मात्र साधारण उणे 23 अंशांना मोजलेली असते. उणे 40ला तिच्यातली निम्मीही हाती लागेलच असं नाही. त्यामुळे आर-404ए गॅसवर चालणारा, डीप फ्रीझरसाठीचा, एक एचपीचा कॉम्प्रेसर घ्या. त्याहून कमी ताकदीचा बघू नका. घरच्या फ्रिजचा चालणार नाही, आणि एसीचा तर मुळीच नाही. एसीच्या कॉम्प्रेसरची मोटर आतून वाहणाऱ्या गॅसवरच गार राहते. उणे 40ला तो गॅस इतका विरळ असतो की मोटर तापते आणि ओव्हरलोड, म्हणजे तापल्यावर मोटर बंद करणारा स्विच, पडत राहतो.

आता दोन हेडचं. दोघांची सक्शन लाइन, म्हणजे गॅस कॉम्प्रेसरकडे परत नेणारी नळी, एकच, म्हणून आतला दाब एकच आणि गॅसचं उकळण्याचं तापमानही एकच. आर-404ए उणे 40ला असेल तर दाबाच्या गेजवर साधारण 5 पीएसआय दिसेल. हेडला गॅस पुरवणारी बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी, मात्र पुढे भार किती आहे हे पाहून गॅस सोडत नाही, ती आपली ठरलेला प्रवाह सोडत राहते. एखाद्या प्रोग्रॅमने पहिल्या प्रोसेसरला कामाला जुंपलं आणि दुसरा रिकामा बसला, की पहिल्या हेडला गॅस अपुरा पडतो आणि दुसऱ्यातून न उकळलेला द्रव तसाच कॉम्प्रेसरकडे निघतो. सक्शनच्या पाइपवर बर्फ चढत चढत कॉम्प्रेसरच्या डब्यापर्यंत पोहोचला आणि आवाज बदलला, की हेच चाललंय असं समजा. त्या द्रवाने तेल धुऊन जातं आणि कॉम्प्रेसर जातो.

उपाय असा. दोन तोंडांचा फिल्टर ड्रायर (गॅसमधली ओल आणि कचरा टिपणारी डबी) घ्या आणि दोन्ही तोंडं खाली करून उभा लावा, म्हणजे दोन्ही कॅपिलरींत फक्त द्रवच शिरेल. आडवा लावला तर एकीत द्रव आणि दुसरीत वाफ जाते, मग वाटणी कधीच जमत नाही. कॅपिलरी 0.8 मिलिमीटर आतल्या व्यासाची, एकाच गुंडाळीतून कापलेली, दोन्ही तंतोतंत एका लांबीच्या. सुरुवात 3 मीटरने करा. कापून आखूड करता येते, वाढवता येत नाही. सक्शनवर ॲक्युम्युलेटर, म्हणजे न उकळलेला द्रव अडवणारी टाकी, हवाच, आणि त्यात एकूण गॅसचा निदान अर्धा भाग द्रवरूपात मावला पाहिजे. प्रत्येक हेडमधून बाहेर पडणाऱ्या नळीला वेगळं थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बांधा आणि दोन्ही प्रोसेसर पूर्ण भारावर ठेवूनच गॅस भरा. रिकाम्या मशीनवर बर्फ बघून चार्ज केलेलं युनिट भार आला की उताणं पडतं.

ब्रेझिंग करताना, म्हणजे नळ्यांचे सांधे तापवून जोडताना, नळीतून कोरडा नायट्रोजन हळू सोडत राहा, नाहीतर आत काळी पपडी धरते आणि पुढे तीच कॅपिलरीत अडकते. गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा काढून व्हॅक्यूम 500 मायक्रॉनच्या (उरलेल्या दाबाचं माप) खाली न्या, पंप बंद करून दहा मिनिटं थांबा आणि काटा वर चढत नाही ना ते पाहा. आर-404एच्या कॉम्प्रेसरमधलं एस्टर तेल हवेतली ओल पटकन पितं, म्हणून सिस्टिम उघडी टाकून जेवायला जाऊ नका. आणि चुकला तर गॅस हवेत सोडू नका, रिकव्हरी मशीनने परत काढा.

आमचा कौल विचाराल, तर दोन सॉकेटसाठी चिलर बरा. कॉम्प्रेसरने प्लेट हीट एक्स्चेंजर (गॅसची थंडी द्रवाला देणाऱ्या पत्र्यांची पेटी) थंड करायचा आणि त्यात गार झालेला द्रव पंपाने दोन्ही वॉटरब्लॉकमधून, म्हणजे प्रोसेसरवरच्या पोकळ ठोकळ्यांतून, समांतर फिरवायचा. पाच-आठ अंश हातचे जातात, पण एक प्रोसेसर रिकामा आणि एक भरलेला असला तरी कॉम्प्रेसरला त्याचं सोयरसुतक नसतं. द्रव म्हणून वजनाने 40 टक्के मेथॅनॉल घातलेलं पाणी उणे 38च्या आसपास गोठतं. मेथॅनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा टाकी झाकलेली आणि खोली हवेशीर हवी. निम्मं-निम्मं प्रॉपिलीन ग्लायकॉल त्यापेक्षा निर्धोक, पण उणे 30ला ते काकवीसारखं होतं आणि छोटे पंप हात टेकतात.

प्रश्न : आम्ही कोकणात राहतो. पावसाळ्यात बोर्डावर पाणी सुटणारच. मग हा प्रयोग हिवाळ्यापुरताच ठेवायचा का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हवा 28 अंश आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर 26 अंशांखालच्या कुठल्याही वस्तूवर दव धरतं. हिवाळ्यातल्या कोरड्या दुपारी, 28 अंश आणि 30 टक्क्यांना, हीच रेषा 9 अंशांजवळ येते. तुमचं हेड उणे 30 किंवा 40ला. म्हणजे पुण्यातही ओल धरणार आणि रत्नागिरीतही. मोसमाने फरक पडतो तो फक्त चूक किती लवकर उघडी पडते एवढ्याचाच.

मुद्दा हवा अडवण्याचा आहे. एक लिटर दमट हवेत पाणी जेमतेम 25 मिलिग्रॅम असतं आणि सॉकेटच्या पोकळीत हवा काही मिलिलिटरच मावते. तेवढ्या ओलीने काही होत नाही. फटीतून नवी हवा येत राहिली की मात्र प्रत्येक खेपेला नवं पाणी येतं, गोठतं आणि मशीन बंद केल्यावर वितळून पिनांत उतरतं.

बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवा. सॉकेट, रॅमचे स्लॉट आणि कनेक्टर कॅप्टॉन टेपने झाका. सॉकेटभोवती आणि बोर्डाच्या पाठीवर ॲक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डाला ओलीपासून वाचवणाऱ्या लेपाचे) दोन हात मारा आणि एक दिवस सुकू द्या. मग सॉकेटच्या मधल्या चौकोनी खळग्यात आणि कडेने वीज न वाहणारं सिलिकॉन ग्रीस भरा. एलजीए सॉकेटच्या (ज्यात पिना प्रोसेसरला नसून सॉकेटला असतात) बारीक स्प्रिंगांवर ते थापू नका, नंतर निघत नाही. वर एसीच्या पाइपवर चढवतात तो काळा नायट्रिल फोम, 13 मिलिमीटरचा, सॉकेटच्या आकारात अगदी घट्ट कापून बसवा. चिकटवण्याआधी रबर सोल्युशन बोटाला लागेनासं होईपर्यंत वाळू द्या. ओलं असताना दाबलं तर सांधा दुसऱ्या दिवशी उघडतो.

बहुतेक जण विसरतात ती बोर्डाची पाठ. सॉकेटच्या मागची लोखंडी बॅकप्लेट थंडी बाहेर ओढते आणि पाणी तिच्यावर सुटतं, जिथे कोणी बघत नाही. तिथेही फोम हवा. सक्शनच्या नळीला 13 मिलिमीटरचा एक थर कोकणात पुरत नाही. आत 19, वर 13 असे दोन थर द्या आणि त्यांचे सांधे एकावर एक येऊ देऊ नका. हे सगळं करताना प्रोसेसरच्या बाजूचे व्होल्टेज रेग्युलेटर (प्रोसेसरला वीज पुरवणारे भाग) फोमखाली कोंडू नका. सर्व्हर बोर्डावर त्यांना समोरून येणारा वाराच थंड ठेवतो, म्हणून त्यांच्यासाठी वेगळा पंखा लावा.

चालू करताना आधी कूलिंग, हेड उणे 20ला आलं की कम्प्युटर. बंद करताना उलट. आणि थंड असताना फोम उचलून आत डोकावू नका. सगळं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत काही तास पंखा लावून ठेवा.

प्रश्न : उणे 15ला दोन्ही प्रोसेसर दिसतात. उणे 35ला एक तर मशीन सुरूच होत नाही, नाहीतर दुसरा प्रोसेसर गायब होतो. सॉकेट खराब झालं का?

उत्तर : बहुधा नाही. काही प्रोसेसर ठरावीक तापमानाखाली काम सोडतात. ओव्हरक्लॉकिंगवाले त्याला ‘कोल्ड बग’ म्हणतात. एकाच मॉडेलच्या दोन नगांची ही सीमा वेगळी असू शकते, आणि दोन सॉकेटच्या मशीनमध्ये तुमची सीमा म्हणजे दोघांतल्या हळव्या प्रोसेसरची सीमा. प्रोसेसरांची अदलाबदल करून पाहा. दोष प्रोसेसरबरोबर गेला तर तो कोल्ड बग. जागेवरच राहिला तर सॉकेटमध्ये ओल आहे किंवा त्या हेडचा प्रोसेसरवरचा दाब एका बाजूला कमी पडतोय. कोल्ड बग असेल तर उणे 20ला सुरू करा आणि चालू झाल्यावर पाच-पाच अंशांनी खाली उतरा.

प्रोसेसरच्या आतल्या सेन्सरवर विसंबू नका. तो कमाल मर्यादेजवळच्या तापमानासाठी जुळवलेला असतो, शून्याखाली काहीही दाखवतो. हेडच्या तांब्यात भोक पाडून के-टाइप थर्मोकपल बसवा.

प्रश्न : त्यापेक्षा द्रव नायट्रोजन ओतला तर? आमच्या गावच्या कृत्रिम रेतन केंद्रात कंटेनर येतो.

उत्तर : एका संध्याकाळच्या विक्रमासाठी ठीक. रोजच्या कामाला नाही. हिशेब करा : द्रव नायट्रोजन उणे 196ला उकळतो आणि एक किलो उकळताना सुमारे 199 किलोज्यूल उष्णता घेतो. दोन प्रोसेसरचे मिळून 500 वॉट असतील तर तासाला किमान 11 लिटर लागतात. नायट्रोजन ओतायला प्रोसेसरवर बसवतात ते दीड किलो तांब्याचं एकेक भांडं गार करायलाच पाऊण लिटर जातं, शिवाय उघड्या तोंडाने उडतं ते वेगळं. दोन भांडी म्हणजे ओतायला दोन माणसं, कारण एकाकडे बघताना दुसरं तापतं.

आणि खोली. एका लिटरचा जवळजवळ 690 लिटर वायू होतो. तीन बाय तीन मीटरच्या बंद खोलीत 10 लिटर उडाले तर ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 15-16 टक्क्यांवर येतो, आणि 19.5च्या खालची हवा धोक्याची मानतात. नायट्रोजनला वास नाही, गुदमरतोय हेही कळत नाही. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा, ऑक्सिजन मीटर लावा आणि कंटेनरचं झाकण कधीही घट्ट बंद करू नका.

प्रश्न : इतका फायदा आहे तर मोठे सुपरकम्प्युटर शून्याखाली का चालवत नाहीत?

उत्तर : एकाने चालवले होते. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या ईटीए सिस्टिम्सने ईटीए-10 या मशीनचे प्रोसेसर बोर्ड द्रव नायट्रोजनमध्ये बुडवले. आठपर्यंत प्रोसेसर, आणि पहिलं मशीन 1987मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत गेलं. हवेवर चालणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांचं घड्याळ 24 आणि 19 नॅनोसेकंदांचं होतं, नायट्रोजनवाल्यांचं 10.5 आणि 7 (आकडा जितका लहान तितका वेग जास्त). तांत्रिकदृष्ट्या खणखणीत काम. पण 1989च्या एप्रिलमध्ये कंपनी बंद झाली. सॉफ्टवेअर रखडलं होतं आणि धंदा तोट्यात होता. थंडीने दगा दिला नव्हता.

आज हिशेबच वेगळा आहे. उणे 40ला एक वॉट उष्णता उपसायला जवळजवळ एक वॉट वीज लागते, म्हणजे बिल दुप्पट. तेवढ्या पैशात जास्त प्रोसेसर येतात. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेतल्या परम ब्रह्म सुपरकम्प्युटरला म्हणूनच प्रोसेसरपर्यंत नेलेलं साधं पाणी पुरतं.

प्रश्न : हेड आणि प्रोसेसरच्या मध्ये लिक्विड मेटल लावलं तर चालेल?

उत्तर : नाही. गॅलियमचं ते मिश्रण उणे 19च्या आसपास गोठतं आणि सुटतं. शून्याखाली चालते असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेली पेस्ट घ्या, पातळ थर पूर्ण पसरून लावा आणि दर वेळी हेड काढलं की नवी लावा. गोठून तडकलेली पेस्ट वरून अगदी शाबूत दिसते.