आधी छेद, मग अंश

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "मॅडम, मुली म्हणतात आम्हाला बाळंतपणं करायची आहेत, साथरोगशास्त्र कशाला?" त्याखाली तूच लिहिलंयस की तुलाही त्यांचं थोडं पटतं. तेच मला खटकलं. तुझ्या नर्सिंगच्या वर्गातल्या मुलींचं मी समजू शकते. धडगाव-अक्कलकुव्याकडून वसतिगृहात आलेल्या पोरी. इन्सिडन्स (नवे रुग्ण किती) आणि प्रिव्हलन्स (एकूण रुग्ण किती) यांच्या व्याख्या पाठ करायला लावल्यावर जांभया देणारच. मीही दिल्या. पण तू आता फळ्याच्या या बाजूला उभी आहेस.

व्याख्या परीक्षेच्या आठवड्यापर्यंत बाजूला ठेव. एकच गोष्ट शिकव: आधी छेद. कुणीही कसलाही आकडा सांगितला की विचारायचं, कितीपैकी? कुठल्या बाया, कुठल्या काळातल्या? मी वर्गात अहिराणीत विचारायचे, "कितला मझार कितला?" पोरी हसायच्या, पण पुढे पोस्टिंगला गेल्यावर तेवढंच लक्षात राहायचं.

एक तास असा घे. घरून दादर जातीची ज्वारी ने. 3000 दाणे मोजायला लाव, वाटीभरसुद्धा होत नाहीत. त्यातला एक दाणा ओल्या कुंकवात बुडवून वाळव आणि मिसळून टाक. आता हिशेब सांग. डोंगराळ-आदिवासी भागात 3000 लोकसंख्येला एक उपकेंद्र. हजारी वीस जन्म धरले तर वर्षाला 60 बाळंतपणं. म्हणून प्रत्येकीने डोळे मिटून 60 दाणे उचलायचे, बघायचे, परत टाकायचे. एक चिमूट म्हणजे एक वर्ष. 2018-20 च्या नमुना नोंदणीनुसार (सरकारचं जन्म-मृत्यूंचं नमुना सर्वेक्षण) महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू होते, म्हणजे साधारण तीन हजारांत एक. तुझ्या वाटीतला तो लाल दाणा. चिमटीमागून चिमटी जाईल, लाल दाणा येणार नाही. सरासरी पन्नास वर्षांत एकदा. आपल्या डोंगरात धोका तिप्पट धरलास तरी सोळा-सतरा वर्षं.

मग विचार त्यांना, उपकेंद्राच्या भिंतीवर 'यंदा मातामृत्यू शून्य' लिहिलंय, त्याचा अर्थ काय? बहुतेक वर्षी काहीच नाही. काम उत्तम असो की भिकार, फळ्यावर शून्यच येणार. म्हणून मृत्यू मोजत बसण्यापेक्षा गरोदर बायांपैकी किती जणींचं हिमोग्लोबिन 11 च्या खाली आहे, किती जणींना बाळंत झाल्यावर 500 मिलिलिटरच्या वर रक्त गेलं, हे मोजायचं. हे आकडे एका गावातही बोलतात. अर्थात, रक्त खरंच मोजलं असेल तर. अंदाजाने 'नॉर्मल' लिहिणाऱ्या सिस्टर मी खूप पाहिल्या.

"आम्हाला बाळंतपणं करायची आहेत" म्हणणाऱ्यांना व्हिएन्नाची गोष्ट सांग. एकाच रुग्णालयात दोन प्रसूती कक्ष. पहिल्यात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात शिकाऊ सुईणी. 1846 साली पहिल्यात 4010 बाळंतपणं, 459 बाया गेल्या. दुसऱ्यात 3754 पैकी 105. बायांना हे नोंदवहीच्या आधी कळलं होतं. पहिल्या कक्षात घेऊ नका म्हणून हातापाया पडायच्या. सेमेलवाइस हा तिथला डॉक्टर. त्याने दोन्हीकडचे अंश आणि छेद शेजारी शेजारी मांडले आणि फरक शोधत गेला: शवविच्छेदन करून डॉक्टर तसेच बाळंतिणीला तपासत होते, सुईणी शवविच्छेदन करत नव्हत्या. मे 1847 मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि त्या उन्हाळ्यात पहिल्या कक्षातले मृत्यू शंभरी एक-दोनवर आले. हे जंतूंमुळे होतं ते तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. छेद माहीत होता, पोरी. तुझ्या मुली ज्या कामाला निघाल्यात त्याच कामाची ही गोष्ट आहे, आणि तीत सुईणींचा कक्ष बरा निघालाय. हे त्यांना ठासून सांग.

मला ही गोष्ट नोकरीच्या आधीपासून पाठ होती. तरी काय केलं ते ऐक.

माझं पहिलं उपकेंद्र सातपुड्याच्या पायथ्याशी. नदीपलीकडच्या पाड्यांवर एक म्हातारी दाई होती. एका पावसाळ्यात तिच्या हातची तीन बाळं गेली. एकाला मी स्वतः पाहिलं. आठव्या दिवशी जबडा आवळलेला, आईने स्तन तोंडाला लावला तरी ओठ उघडेनात, हात लावला की सगळं अंग ताठ. धनुर्वात. वरून विचारणा झाली आणि मी तिचं नाव लिहून दिलं. तिला पाड्यासमोर दम भरला गेला. तिने त्या दिवसापासून कुणाच्या दारात पाऊल टाकलं नाही. बाया माझ्याकडे येतील असं मला वाटलं होतं. आल्या नाहीत. सासूच्या हातून मोकळ्या होऊ लागल्या.

ट्यूटर झाल्यावर एकदा पाठाची तयारी करताना जुनी डायरी उघडली. त्या वर्षी म्हातारीने 41 बाळंतपणं केली होती. मी नऊ. माझ्या नऊतली दोन बाळं गेली होती. नऊ हा आकडा मी कुणापुढे मांडणार नाही, लहान आकडे नाचतात. पण तिची तीन दिसली आणि माझी दोन मला दिसली नाहीत, एवढं तरी मला लिहू दे. तिला बोलावायचे ते दुसऱ्या दिवसाच्या कळा संपत आल्यावर. आणि धनुर्वाताची इंजेक्शनं गरोदरपणात आईला द्यायची कुणी? पूर ओलांडून जायचं कुणी? मी.

मी तेविसाची होते. नाव द्या, नाव द्या म्हणून मागे लागले होते. छेद विचार, असं मला कुणी शिकवलं नव्हतं. हे आत्ता खोटं लिहिलं. शिकवलं होतं, उत्तरपत्रिकेत लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

आता तुझ्या पत्रातला दुसरा प्रश्न: उपकेंद्राच्या नोंदी आणि गावातल्या नोंदी जुळत नाहीत, त्या मुलींना दाखवू की नको? अगं, त्याच दाखव! पहिलं बाळंतपण माहेरी. नाव सासरच्या उपकेंद्रात, बाळ आईच्या गावी. जन्माची नोंद तर जिथे जन्म झाला तिथेच होते. दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात, गरोदर बाई बरोबर जाते. परतल्यावर आशाताई विचारते तेव्हा पोट रिकामं आणि कडेवर कुणी नाही, असं मी पाहिलंय. ती बाई कुठल्या गावच्या छेदात धरायची? मुलींना वाद घालू दे. तास संपला तरी थांबवू नकोस, बाकीचे शिक्षक कुरकुरले तर कुरकुरू देत.

अस्पतालात ड्युटी मागून घेण्याचा विचार करतेयस, त्यावर मी काही बोलणार नाही. जायचं तर जा. पण या बॅचची समाज-पोस्टिंग संपेपर्यंत थांब. प्रत्येकीला एक पाडा दे. घर न् घर फिरून वर्षभरात गरोदर राहिलेल्या सगळ्या बायांची यादी करू दे, माहेरी गेलेल्या, गुजरातेत गेलेल्या, पोट पडलेल्या, सगळ्या. त्या याद्या मला पाठव. पाड्यावर कुणी जुनी दाई असेल तर यादी करायला तिच्यापासून सुरुवात करा म्हणावं. तिला सगळ्यांची नावं पाठ असतात.