छंदाचे सुतारकाम व्यवसायात नेताना आधी लाकूड ओळखा

सोलापुरात नोकरी सांभाळून तीन वर्षे सुट्टीच्या दिवशी सुतारकाम करत आहात, तर त्यातून स्वयंपाकघरातील लाकडी वस्तूंचा छोटा, पर्यावरणपूरक व्यवसाय उभा राहील का, असे तुम्ही विचारले आहे. उभा राहतो. मीही कापड कारखान्यात हिशेब लिहिता लिहिता असाच या कामात आलो आणि गेली सात वर्षे माझे घर त्यावर चालते. मात्र सुरुवात यंत्रांपासून किंवा दुकानाच्या नावापासून न करता लाकडापासून करा. छंद म्हणून केलेली वस्तू आपल्याच घरात, आपल्याच हवेत राहते; विकलेली वस्तू कोणत्या हवेत जाऊन राहील, हे आपल्या हातात नसते.

मला हे नुकसान सोसून कळले. पहिल्या वर्षी मे महिन्यात मी सागाचे बारा इंच रुंद असे भाजी चिरायचे सहा पाट केले, शोभेसाठी त्यांना चारही बाजूंनी घट्ट चिकटवलेली चौकट दिली आणि ते रत्नागिरीला पाठवले. ऑगस्टमध्ये तिकडून छायाचित्र आले, त्यात कोपऱ्याचा सांधा नाणे जाईल इतका उघडलेला होता. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, परंतु अंगच्या रेषांच्या (तंतूंच्या) आडव्या दिशेने ओलावा घेऊन फुगते आणि सुकताना आकसते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पार सुकलेली एवढी फळी कोकणच्या पावसाळ्यात तीन-चार मिलिमीटर सहज रुंदावते, आणि चौकटीने तिला जागाच ठेवली नव्हती. सहाही पाटांचे पैसे परत केले. तेव्हापासून मी चौकट देत नाही; सर्व पट्ट्यांच्या रेषा एकाच दिशेने ठेवून त्या कडेला कड लावून जोडतो. नवे लाकूड घेतले, तर इंचभर जाडीला सावलीत साधारण वर्षभर द्या. एका तुकड्याचे दर आठवड्याला वजन करून वहीत लिहीत जा. वजन स्थिरावले की लाकूड इथल्या हवेपुरते सुकले, असे समजा.

पर्यावरणपूरक हा शब्द पाटीवर लिहिणे सोपे आहे. तो खरा ठरतो तो लाकूड कुठून आणले यावर. आपल्याकडे माळवदाची जुनी घरे पाडली जातात, तेव्हा सागाच्या तुळया, दारे आणि कडीपाट निघतात. हे लाकूड अनेक पावसाळे-उन्हाळे पाहिलेले, म्हणून भरवशाचे असते. मात्र प्रत्येक खिळा शोधून काढा, नाहीतर रंध्याचे पाते जाते. आणि रंग दिलेले किंवा वाळवीचे औषध मारलेले लाकूड अन्नाच्या वस्तूंना अजिबात वापरू नका, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. नवे लाकूड वखारीतून पावतीसह घ्या. शहरातील झाड तोडण्यासाठी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, त्यामुळे कोणी परस्पर तोडलेले खोड स्वस्तात देऊ केले तरी नाही म्हणा.

सुरुवातीला एकच वस्तू निवडा, आणि माझे मत विचाराल तर ती काठवट, म्हणजे पीठ मळायची लाकडी परात, असावी. ज्वारीची भाकरी रोज थापणाऱ्या या जिल्ह्यात काठवटीची जागा स्टीलच्या परातीने घेतली असली, तरी पीठ मळताना न सरकणारी जड काठवट मागणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. मी ती बाभळीची करतो. लाकूड ओले असतानाच वाकसाने (लाकूड तासायच्या हत्याराने) ओबडधोबड कोरून कडा जाड ठेवतो, रेषा जिथे संपतात त्या दोन्ही टोकांना मेण लावतो, म्हणजे तिकडून ओलावा भरभर जाऊन चिरा पडत नाहीत, आणि काही महिन्यांनी पूर्ण सुकल्यावरच शेवटचा हात फिरवतो. तरीही दहांतली एखादी तडकतेच.

तो तडकलेला नग हिशेबात धरला नाही, तर धंदा तोट्यात जातो. माझ्या एका काठवटीला लाकडाचे 350 रुपये, पॉलिश पेपर, तेल आणि बांधणीचे 100 रुपये, आणि पाच तासांचे, तासाला 150 रुपयांप्रमाणे 750 रुपये लागतात. हे 1,200 झाले. तडकलेल्या नगाचे 120 आणि धार, वीज, भाडे यांचे 130 धरले की 1,450 होतात. याच्या खाली विकणे म्हणजे स्वतःची मजुरी फुकट देणे. पोळपाटात मी पडलो नाही, कारण बाजारातल्या यंत्रावरच्या पोळपाटाशी भावात बरोबरी होत नाही.

चकाकीसाठी वॉर्निश नको, कच्चे जवसाचे तेल लावा. शेंगदाण्याचे तेल कधीच सुकत नाही आणि खवट होते. ‘बॉइल्ड’ जवस तेलात सुकवणारी धातूंची द्रव्ये असू शकतात, म्हणून तेही नको. तेलाच्या चिंध्या चुरगाळून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवा. लाकडाचा भुसा 1995 पासून कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, त्यामुळे घासताना एन-95 मास्क हवाच.

कागदपत्रांचे ओझे फार नाही. छोट्या उद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी निःशुल्क आहे. वस्तूंच्या विक्रीवर जीएसटी नोंदणी सर्वसाधारणपणे वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीनंतर लागते, पण परराज्यात किंवा ऑनलाइन विकण्याआधी करसल्लागाराला विचारा.

बांधणीसाठी मी टॉवेलच्या कारखान्यातली वजनावर मिळणारी चिंधी वापरतो आणि सोबत एक चिठ्ठी घालतो: वस्तू पाण्यात भिजत ठेवू नये, उन्हात वाळवू नये, खरबरीत झाली तर परत आणावी. गेल्या आठवड्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या एक मावशी चार वर्षांपूर्वी नेलेली काठवट घेऊन आल्या होत्या. तळ घासून, दोनदा तेल देऊन मी ती परवा परत दिली आणि ऐंशी रुपये घेतले.