गंज, विडी आणि बाबांच्या गोळ्या

तुम्ही लिहिलंय: बाबा 68 वर्षांचे, विडी ओढतात, रोज सकाळी फिरतात. एका शिबिरात 'पेशींना गंज चढतो' असं सांगून कुणीतरी महागड्या अँटिऑक्सिडंट (हा 'गंज' रोखतात असं सांगितल्या जाणाऱ्या) गोळ्या त्यांच्या गळ्यात मारल्या. द्यायच्या का?

गंजाची उपमा गोव्यात लगेच पटते. आमच्या मिरामारच्या घराचे गज दर दोन पावसाळ्यांनी खरवडून रंगवावे लागतात. पण गज स्वतःची डागडुजी करत नाही, पेशी करते. घोळ इथेच आहे.

पेशीच्या ऊर्जाघरात, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, अन्नातून ऊर्जा काढताना इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनचं पाणी होतं. वाटेत थोडे निसटून थेट ऑक्सिजनला चिकटतात, तो सुपरऑक्साइड. एक एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, दुसरी एन्झाइम्स त्याचं पाणी. मध्येच मोकळं लोह भेटलं तर मात्र हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतो, आणि तो डीएनए असो की पेशीचा पडदा, समोर येईल त्याला चावतो. ही इजा साठत जाऊन म्हातारपण येतं, असं डेनहॅम हार्मन यांनी 1956 मध्ये मांडलं.

कल्पना सुरेख, पण पुढे अडली. सुपरऑक्साइड आवरणारं मायटोकॉन्ड्रियातलं एन्झाइम काढून टाकलेला सी. एलिगन्स हा इवलासा कृमी उलट जास्त जगला! आफ्रिकेतला बिनकेसांचा नेकेड मोल रॅट अशी भरपूर इजा अंगावर घेऊन तीस वर्षं काढतो. कारण हे रेणू निरोपेही आहेत. थोडे वाढले की पेशी आपली संरक्षक यंत्रणा जागी करते. पांढऱ्या पेशी तर त्यांनीच जंतू मारतात. मर्यादेबाहेर गेले की नुकसान, हेही खरंच.

आता गोळ्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर चाचणी झाली. 1994 चा निकाल: बीटा-कॅरोटिन (गाजरातला, अँटिऑक्सिडंट म्हणून विकला जाणारा घटक) घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त. आणि 2009 च्या एका जर्मन प्रयोगात, व्यायामाने इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो तो फायदा रोज क आणि ई या अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या तरुणांत दिसलाच नाही. म्हणजे बाबांचं सकाळचं फिरणंही फुकट जाऊ शकतं.

सोलकढी खुशाल प्या. भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीत गार्सिनॉल हे अँटिऑक्सिडंट असतं म्हणून नव्हे, जेवणावर छान लागते म्हणून.

बाटलीवर बीटा-कॅरोटिन लिहिलंय का, ते आजच बघा. असेल तर बंद करा, आणि बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा. विडीचा विषयही तिथेच काढा. घरी काढलात तर बाबा उठून बाल्कनीत जातील.