सर्व रुग्ण शांत, संख्या बरोबर

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका जिल्ह्यात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे. सहा वर्षं झाली, अजून कंत्राटीच. अकरा महिन्यांनी ऑर्डर संपते, एक-दोन दिवसांचा ब्रेक देतात, मग नवी ऑर्डर. ठोक मानधन २८ हजार, तेही अधूनमधून दोन-तीन महिने थकतं. सायकॉलॉजिस्टची जागा दोन वर्षांपासून रिकामी आहे. कम्युनिटी नर्स बाळंतपणाला गेली ती परत आलीच नाही. त्यामुळे समुपदेशन मी करते, तालुक्याच्या ओपीडीला मी जाते, इंजेक्शनची तारीख चुकवणाऱ्यांना फोन मी करते आणि महिन्याचा रिपोर्टही मीच भरते. मोबाइलमध्ये तीनशेच्या वर नातेवाइकांचे नंबर आहेत. रात्री अकराला फोन येतो, ‘मॅडम, त्यानं गोळ्या फेकून दिल्या.’ आता एका खासगी रुग्णालयानं जवळजवळ दुप्पट पगार देऊ केलाय. घरचे म्हणतात, सोड. पण मी गेले तर या माणसांकडे कोण बघणार? मी स्वार्थी आहे का?

उत्तर : नाही, तुम्ही स्वार्थी नाही. हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्राचा शेवट वाचून मला राहवलं नाही.

मी एका सरकारी मनोरुग्णालयात ३१ वर्षं परिचारिका होते. कायम होते, पगार वेळेवर व्हायचा, आज पेन्शन मिळते. म्हणजे तुमच्यापेक्षा माझं पुष्कळ बरं होतं. पण रिकाम्या जागांमध्ये काम करणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

एक रात्र सांगते. आमच्याकडे नाइटला चार्ज घेताना टॉर्च मारून डोकी मोजायची पद्धत होती. त्या दिवसांत बायकांच्या दोन वॉर्डांना मिळून मी एकटी सिस्टर, आणि प्रत्येक वॉर्डात एक आया. पहिल्या वॉर्डात मोजलं, एक कमी. पुन्हा मोजलं, तरी एक कमी. आयाला दारावर उभं केलं आणि मी शोधायला निघाले. न्हाणीघर, व्हरांडा, पुन्हा न्हाणीघर. शेवटी ती सापडली पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात. ओले केस पुढे घेऊन बोटांनी गुंता सोडवत बसली होती. मला म्हणाली, ‘सिस्टर, कंगवा द्या ना.’ तिला आणून झोपवेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्यात दुसऱ्या वॉर्डात एकीला फिट आली होती. तिथल्या आयानं तिला कुशीवर वळवून धरून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. ती आया चौथी पास होती. मी तिचे उपकार विसरले नाही.

सकाळी चार्ज बुकमध्ये मी काय लिहिलं? ‘सर्व रुग्ण शांत. संख्या बरोबर.’ सगळ्या जणी हेच लिहायच्या. ‘एकटी होते, म्हणून दुसऱ्या वॉर्डाकडे पाऊण तास फिरकता आलं नाही’ असं लिहिलं तर माझ्यावरच ठपका येईल, ही भीती होती.

पुढे काही वर्षांनी आम्ही परिचारिकांनी वाढीव पदांसाठी अर्ज केला. कार्यालयातले एक साहेब, तसे सज्जन, त्यांनी आमचीच चार्ज बुकं पुढ्यात ठेवली. म्हणाले, ‘सिस्टर, दोन वॉर्डांना एक नर्स पुरते हे तुमच्याच अक्षरात लिहिलंय. मी वर काय पाठवू?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. जे आम्ही जीव तोडून सांभाळलं होतं, तोच आमच्याविरुद्धचा पुरावा झाला होता.

तुमच्या पत्रात मला नेमकं हेच दिसतंय. सायकॉलॉजिस्टचं काम तुम्ही करता, नर्सचं तुम्ही करता, आणि रिपोर्टही तुम्हीच भरता. त्या रिपोर्टात समुपदेशनाचा आकडा भरलेला, तालुका भेटी पूर्ण, फोनही झालेले. मुंबईत बसून तो कागद वाचणाऱ्याला जागा रिकामी आहे हे कळणार कुठून? कार्यक्रम नीट चालू आहे असंच त्याला दिसणार. रिकामी जागा तुम्ही स्वतःच्या अंगानं झाकून ठेवलीय.

म्हणून जायचं की राहायचं हे ठरवण्याआधी एक काम करा. या महिन्यापासून रिपोर्टाबरोबर एक साधं पत्र जोडा : सायकॉलॉजिस्ट नसल्यामुळे या महिन्यात इतक्या जणांची चाचणी झाली नाही, नर्स नसल्यामुळे इंजेक्शन चुकलेल्या इतक्यांच्या घरी कुणी जाऊ शकलं नाही. जे झालं नाही ते लिहा. पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे द्या आणि तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. दुसऱ्या पदाचं काम तोंडी सांगितलं तर ‘अतिरिक्त कार्यभाराचा लेखी आदेश मिळावा’ अशी विनंती करा. भाषा नम्र ठेवा, पण कागद सोडू नका.

या कागदाला कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम ३१ मध्ये लिहिलंय की लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्याचे किती तज्ज्ञ हवेत याचे जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, ते गाठण्यासाठी सरकारनं कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांच्या आत प्रयत्न करायचे. मोजून बघा, मे २०२८ येतो. आणि आपल्या देशात लाखामागे मानसोपचारतज्ज्ञ किती, तर ०.७५. हवेत निदान तीन. ही तूट भरून काढायचं काम कायद्यानं सरकारवर टाकलंय. तुमच्या एकटीच्या खांद्यावर ते कुणीही टाकलेलं नाही.

‘सेवा’ या शब्दाबद्दलही मला बोलायचंय. पगार मागितला की आपल्याला सेवाभाव आठवून देतात. मी स्वतः हा शब्द मनापासून मानते. पण तुमच्या पगाराला ‘मानधन’ म्हणायचं, तेही तीन महिने थकवायचं आणि वर सेवेची आठवण करून द्यायची, हे मला अजिबात पटत नाही. किराणावाला सेवाभावावर उधारी लिहीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे कंत्राटी कर्मचारी राज्यभर संपावर गेले. दहा वर्षं सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ चा, त्याची अंमलबजावणी करा ही त्यांची मुख्य मागणी होती. एकदा काढलेल्या निर्णयासाठी माणसांना रस्त्यावर बसावं लागलं. तुमची सहाच वर्षं झालीत, म्हणजे त्या निर्णयातही तुम्ही बसत नाही. हे धरूनच तुम्हाला हिशेब करायचाय.

आता तुमचा खरा प्रश्न. मागे राहणाऱ्यांचं काय?

तुमच्या जाण्यानं त्यांना काहीच फरक पडणार नाही, असं खोटं मी सांगणार नाही. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच आहेत : ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली सुरू झाला, १९९६ पासून तो जिल्ह्यात उतरला, तो यासाठीच की तुमच्या तालुक्यातल्या माणसाला एसटीची रात्र काढून येरवड्याला जावं लागू नये. त्याच्या घराजवळ येणारी गाडी म्हणजे तुम्ही. ती खुर्ची रिकामी झाली की कुणाची तरी इंजेक्शनची तारीख चुकणार, तो पुन्हा बिघडणार, घरचे त्याला बांधून ठेवणार. हे मी वॉर्डात पाहिलंय. मनगटावर दोरीचे वळ घेऊन माणसं यायची, आणि विचारलं की कळायचं, औषध सुटलं होतं.

तरीही तुम्ही जाऊ शकता. झोप उडालेली, थकलेल्या पगाराच्या चिंतेतली बाई आणखी दोन वर्षांनी त्या तीनशे जणांना काय देणार? जायचं असेल तर नीट चार्ज देऊन जा, एवढंच सांगते. महिनाभर आधी लेखी कळवा. मोबाइलमधले तीनशे नंबर रजिस्टरवर उतरवा, प्रत्येकापुढे शेवटची भेट, इंजेक्शनची पुढची तारीख, आणि घरात कुणाचं ऐकतो ते एका ओळीत. ते रजिस्टर कार्यालयाचं, मोबाइल तुमचा. जे घरचे रात्री फोन करतात त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर द्या, तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतः भेटून सांगा, ‘मी अमुक तारखेनंतर नसेन.’ न सांगता गेलेलं माणूस पेशंटला फार लागतं. सांगून गेलेलं तो समजून घेतो, आपण समजतो त्यापेक्षा जास्त.

आणि राहायचं ठरवलंत, तर रात्री नऊनंतर फोन बंद. मी हे ३१ वर्षांत एकदाही केलं नाही. आता वाटतं, करायला हवं होतं. माझ्या मुलीच्या दहावीच्या वर्षात तिच्याशी धड जेवणही झालं नाही.

थकलेल्या मानधनासाठी लेखी अर्ज द्या, तारीख घालून. सहा वर्षांच्या सगळ्या ऑर्डरी आणि अनुभव प्रमाणपत्र आत्ताच फाइलला लावा. सोडून गेल्यावर ते मिळवताना चपला झिजतात.

●

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सिव्हिलच्या ओपीडीत दर थोड्या महिन्यांनी डॉक्टर बदललेले असतात. सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, मग नवे डॉक्टर गोळी बदलतात आणि भावाचं बिघडतं. काय करू?

उत्तर : दादा, शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर औषधांची नावं, मिलिग्रॅम, कधीपासून चालू. त्याखाली कोणत्या गोळीनं अंग आखडलं किंवा झोप फार आली, आणि मागच्या वेळी अ‍ॅडमिट कधी केलं होतं. नव्या डॉक्टरांच्या हातात आधी ते पान द्या, बोला नंतर. साठ-सत्तर पेशंटच्या गर्दीत त्यांना दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात पान वाचून होतं. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे आपली वैद्यकीय नोंद मागण्याचा रुग्णाला हक्क आहे, तेव्हा जुन्या केसपेपरची प्रत भावाच्या नावानं अर्ज करून घ्या. गोळी बदलली तर का बदलली एवढं विचारा, नीट विचारलं तर डॉक्टर सांगतात. डॉक्टर रजेवर असले तरी औषध मध्येच तोडू नका, चालू चिठ्ठी दाखवून ओपीडीत ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांना भेटा.

आणि ते पहिलं पान भावालाच लिहू द्या. आपल्या गोळ्यांची नावं त्याला पाठ असतील, विचारून बघा.