बी.एड.ला शिकलेलं मानसशास्त्र वर्गात खरंच उपयोगी पडतं का?

पडतं. पण मुलांची विचारशक्ती कशी वाढते याच्या मानसशास्त्रज्ञ पियाजेनं सांगितलेल्या अवस्था पाठ केल्या म्हणून माझा एकही तास सुधारला नाही. उपयोगी पडला तो स्मरणाचा भाग, जो आम्ही घाईघाईत उरकला होता.

पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवायचे. मुख्याध्यापकांचा दंडक होता, प्रश्नोत्तरं पाच वेळा लिहून आणायची. मी म्हणायचे, सर, बघून लिहिताना पोरांचा हात चालतो, डोकं नाही. ते म्हणायचे, "बाई, साहेब आले की वह्या बघतात."

ऑगस्ट २०१९ला महापूर आला. शाळा पुन्हा भरली तेव्हा एका मुलीनं व्हरांड्यात वही वाळत घातली होती. पानं चिकटलेली, शाई गाळात उतरलेली. "पाच वेळा लिहिलं होतं ओ बाई सगळं," म्हणत रडायला लागली. तिला जवळ बसवून विचारलं, सोटमूळ आणि तंतुमुळात फरक काय? एक ओळ आठवेना. मग म्हटलं, उसाचं बेट उपटल्यावर मुळं कशी दिसतात? "झुपक्यागत." म्हटलं, तेच तंतुमूळ. ते ती वर्षभर विसरली नाही.

तेव्हापासून रोज पहिली पाच मिनिटं वही-पुस्तक बंद. काल काय शिकलो ते पाठकोऱ्या कागदावर आठवून लिहायचं, मग पुस्तक उघडून आपलं आपण तपासायचं. मार्क नाहीत. आठवड्यानं तोच प्रश्न पुन्हा.

ही माझी लहर नव्हती. पाठ केलेलं सुरुवातीलाच झपाट्यानं विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसनं १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवणारे बरेच पुढे गेले. सरांची वहीतपासणी म्हणजे ती पाच मिनिटांनंतरची परीक्षा. सगळं छान दिसायचंच.

अर्थात पहिली-दुसरीत अक्षर वळवायला गिरवणं हवंच. आणि धडा समजलाच नसेल तर पोर आठवणार तरी काय? आधी नीट शिकवा.

तुमच्याकडेही कुणी वह्याच मोजत असेल, तर तारखा घालून ते पाठकोरे कागद जपा आणि तपासणीला पुढे ठेवा. मी ठेवले होते. साहेबांनी बसून वाचले, सर शेजारीच उभे होते.