जुना रिलीफ पिचर खरंच संपलाय की नुसता फॉर्म गेलाय, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा: दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत आलात, क्रिकेटची भूक भागवायला बेसबॉल बघू लागलात. आता तुमच्या संघाचा एकेकाळचा हुकमी रिलीफ पिचर (मॅचच्या उत्तरार्धात चेंडू टाकायला आणतात तो) हातातल्या मॅचेस घालवतोय आणि ऑफिसात सगळे 'हाकला त्याला' म्हणतायत. तो संपलाय का?

संघ कोणता ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून मी माझ्या पिचरबद्दल सांगतो. ट्रेव्हर हॉफमन. २०१० च्या मे महिन्यात 'हाकला त्याला' म्हणणाऱ्यांत मीही होतो, आणि माझा आवाज बऱ्यापैकी मोठा आहे.

मी तेव्हा मिलवॉकीत नोकरीला होतो. मिलवॉकी म्हणजे सहा महिने थंडी, मग उन्हाळा आला की सगळं गाव मिलर पार्कच्या पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून बसणार. आम्ही चार-पाच मराठी मंडळी तिथे मक्याची कणसं भाजायचो, शेजारचे सॉसेज भाजायचे, आणि दोन्हीकडच्या गाड्यांतून रेडिओवर बॉब यूकरचं समालोचन चालू असायचं. निम्मा बेसबॉल मी त्या माणसाच्या आवाजातून शिकलो. उरलेला निम्मा शिकवला आमच्या शेजारच्या सीटवर बसणाऱ्या एका निवृत्त आजोबांनी. ते दर मॅचला शिसपेन्सिल आणि स्कोअरकार्ड घेऊन यायचे आणि प्रत्येक आउट स्वतः लिहायचे.

हॉफमन आधी दुसऱ्यांचा होता. सोळा मोसम सॅन डिएगोचा. त्याची ओळख सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, कारण तो वेगवान पिचर नव्हताच. म्हणजे एकेकाळी होता. ताशी पंचाण्णव मैलांच्या आसपास चेंडू टाकायचा. १९९४ च्या खेळाडूंच्या संपात समुद्रकिनाऱ्यावर खेळताना खांदा दुखावला आणि वेग गेला तो गेलाच. मग त्याने चेंजअप घोटवला. आपल्या भाषेत स्लोअर बॉल, पण हात तसाच येतो, खांदा तसाच फिरतो, चेंडू मात्र दहा-बारा मैल कमी वेगाने येतो आणि बॅटरच्या पुढ्यात, प्लेटपाशी बुडतो. बॅटरकडे निर्णयाला अर्धा सेकंदही नसतो. त्याची बॅट फिरून होते आणि चेंडू नंतर येतो. १९९८ मध्ये त्याने ५३ सेव्ह केले. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला तो मैदानात येताना एका रॉक गाण्याच्या सुरुवातीच्या घंटा वाजायच्या आणि पाहुण्या संघाचे चाहते पार्किंगकडे निघायचे.

सेव्ह म्हणजे काय हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. ढोबळमानाने, तीन किंवा त्याहून कमी रनांची आघाडी शेवटपर्यंत राखायची. काम तीन आउटचं. पण हे काम विचित्र आहे. जमलं तर ते जमणारच होतं असं लोक धरून चालतात, आणि फसलं तर आधीच्या आठ इनिंगची आठ जणांची मेहनत एकट्याने बुडवली असा हिशेब होतो. बँकेच्या कॅशियरसारखं. पैसे जुळले तर त्याला कोणी शाबासकी देत नाही.

आता मूळ मुद्दा. हॉफमनला लोकांनी २०१० च्या आधीच दोनदा संपवलं होतं.

पहिल्यांदा २००३ मध्ये. खांद्याची शस्त्रक्रिया, अख्ख्या मोसमात नऊ मॅच. वय पस्तीस. पुढच्या वर्षी आला आणि ४१ सेव्ह करून गेला.

दुसऱ्यांदा मी तिथे होतो. २९ सप्टेंबर २००७, मिलर पार्क. आमचा संघ, मिलवॉकी ब्रुअर्स, आदल्याच रात्री शर्यतीतून बाद झाला होता, त्यामुळे आम्ही नुसते ऊन खायला गेलो होतो. सॅन डिएगोला मात्र ही मॅच जिंकली की प्लेऑफ पक्की. नववी इनिंग, हॉफमन माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, दोन आउट, आणि एक स्ट्राइक बाकी. तो मिळाला की मॅच संपली. समोर टोनी ग्विन ज्युनिअर. याचे वडील टोनी ग्विन हे सॅन डिएगोचं दैवत आणि हॉफमनचे कित्येक वर्षांचे सहकारी, म्हणजे पोर त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेलं. पोराने ट्रिपल, म्हणजे थेट तिसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका मारला, बरोबरी झाली आणि अकराव्या इनिंगमध्ये आम्ही जिंकलो. दोन दिवसांनी डेन्व्हरमध्ये कोलोराडोविरुद्ध एका मॅचवर सगळं आलं. तेराव्या इनिंगमध्ये सॅन डिएगो ८-६ ने पुढे, हॉफमन आला, आणि ९-८ ने हरून त्यांचा मोसम संपला. वय चाळीसला दोन आठवडे कमी. देशभरात एकच सूर: म्हातारा संपला.

आणि मग २००९ मध्ये तोच म्हातारा आमच्याकडे आला, ३७ सेव्ह केले, ईआरए १.८३. म्हणजे नऊ इनिंगमागे दोन रनसुद्धा नाहीत. ऑल-स्टारमध्ये, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मॅचला गेला. ज्या मैदानात त्याची फजिती बघून आम्ही हसलो होतो, त्याच मैदानात त्याच्या घंटांना आम्ही उभे राहू लागलो. माझी बायको, जिला बेसबॉल म्हणजे 'कंटाळवाणी गल्ली क्रिकेट' वाटायची, तीही घंटा वाजल्या की मोबाईल खाली ठेवायची.

म्हणून एप्रिल २०१० मध्ये आम्ही निर्धास्त होतो. त्या एप्रिलच्या २७ तारखेची मॅच सांगतो. समोर पिट्सबर्ग. पाचच दिवसांपूर्वी आम्ही त्यांना त्यांच्या घरी २०-० ने धुतलं होतं. मिलवॉकीत ते सलग बावीस मॅच हरलेले. नवव्या इनिंगला आघाडी आमची, घंटा झाल्या, हॉफमन आला. रायन डोमिटने त्याला होमरन मारली, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार, बरोबरी. चौदाव्या इनिंगपर्यंत मॅच लांबली आणि आम्ही ७-३ ने हरलो. पार्किंगमधून बाहेर पडताना माझ्या गाडीत कोणी बोलत नव्हतं.

मे महिन्याच्या मध्यावर आकडे असे होते: दहा संधी, पाच सेव्ह, पाच घालवलेले. तेरा इनिंगमध्ये सात होमरन. ईआरए तेराच्या वर.

तुम्ही विचारलंत ना, कसं ओळखायचं? स्कोअरबोर्डवरच्या वेगावरून नाही, हे आधी सांगतो. सगळे तिकडेच बघतात. हॉफमनचा वेग २००९ मध्येही ऐंशीच्या मध्यावर होता आणि २०१० मध्येही तिथेच, उन्नीस-बीसचा फरक. मला फरक दिसला तो बॅटरांच्या बॅटमध्ये. २००९ मध्ये खाली बुडणाऱ्या चेंजअपला ते हवेत बॅट मारायचे. २०१० च्या एप्रिलमध्ये ते तो चेंडू नुसता बघून सोडत होते. का? कारण त्याचा फास्टबॉल जिथे पडायला हवा, कडेवर, तिथे पडत नव्हता. चेंजअपची भीती फास्टबॉलवर उभी असते. फास्टबॉलला कोणी घाबरेना, मग हळू चेंडूला का फसावं? आणि चेंजअप बुडायचा विसरून पोटाच्या उंचीवर राहिला की तो फलंदाजीच्या सरावातला चेंडू होतो. शेजारचे आजोबा हे एप्रिलमध्येच म्हणाले होते. मी दुर्लक्ष केलं, कारण आजोबा सगळ्याच पिचरांबद्दल तसं म्हणायचे.

दुसरं बघायचं ते मार कसला बसतोय. बॅटच्या कडेला लागून, मधल्या मोकळ्या जागेत चेंडू पडून रन जात असतील तर ते नशीब, बदलतं. तेरा इनिंगमध्ये सात वेळा चेंडू कुंपणापार गेला तर ते नशीब नव्हे.

पण इथेच माझा घोळ झाला. तेरा इनिंग म्हणजे किती? एकोणचाळीस आउट. पहिल्यापासून पिचिंग करणारा पिचर तेवढे आउट दोन मॅचमध्ये काढतो, आणि त्याच्या दोन वाईट मॅचनंतर त्याला कोणी हाकला म्हणत नाही. रिलीफ पिचरचं सगळं दिसणं असं तुकड्या-तुकड्यांत आणि नेमकं धडधडीच्या क्षणी असतं, त्यामुळे त्याची घसरण असते त्याहून मोठी दिसते. मी मात्र त्या मे महिन्यात उभा राहून ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. मराठीत ओरडलो एवढंच समाधान.

मॅनेजर केन माकाने त्याला नवव्या इनिंगमधून काढलं आणि जॉन अ‍ॅक्सफर्डला उभं केलं. कॅनडाचा, झुबकेदार मिशा, काही वर्षांपूर्वीपर्यंत बारमध्ये दारू ओतणारा पोरगा, चेंडू मात्र पंचाण्णव मैलांच्या वर. निर्णय बरोबर होता, यावर मी आजही ठाम आहे. पाच मॅच पुन्हा मिळत नाहीत, आणि बाकीच्या चोवीस खेळाडूंचाही मोसम असतो.

पुढचं फार कमी लोकांनी बघितलं, कारण ते सातव्या-आठव्या इनिंगमध्ये, पुष्कळदा मॅच हातची गेल्यावर घडत होतं. घंटा नाहीत. लोक बाथरूमच्या रांगेत. आणि बेचाळीस वर्षांचा, ५९० च्या पुढे सेव्ह नावावर असलेला माणूस चार रनांनी पिछाडीवर असताना येऊन तीन आउट काढून जात होता. त्याने कुठे तोंड वाजवलं नाही. उलट अ‍ॅक्सफर्डला घेऊन बसायचा, आणि अ‍ॅक्सफर्डने ते पुढे वारंवार सांगितलं. मोसमाच्या शेवटी त्याचा ईआरए ५.८९ होता. हा आकडा वाचून आजही लोक म्हणतात, शेवटचं वर्ष वाया गेलं. पण त्यातल्या पहिल्या तेरा इनिंग बाजूला काढा. उरलेल्या चौतीस-एक इनिंगचा हिशेब तीनच्या किंचित वर येतो. चांगल्या मधल्या फळीच्या पिचरचा आकडा. मी तो हिशेब ऑगस्टमध्ये नाही केला, हिवाळ्यात घरी बसून केला.

मग तो संपला होता का? नवव्या इनिंगसाठी, हो. पिचर म्हणून, नाही. 'संपला' हा एकच शब्द आपण दोन्हीसाठी वापरतो, म्हणून ऑफिसात भांडणं होतात.

७ सप्टेंबर, मंगळवार. सेंट लुइस समोर, आम्ही ४-२ ने पुढे, मोसम तसा कधीच हातचा गेलेला. शेवटी आम्ही ७७-८५ वर संपलो. माकाने नववी इनिंग हॉफमनला दिली. नावावर ५९९. घंटा वाजल्या आणि मिलर पार्क असं उभं राहिलं, जसं काही मे महिना आलाच नव्हता. शेवटचा चेंडू शॉर्टस्टॉपकडे घरंगळत गेला. शॉर्टस्टॉपला होता क्रेग काउन्सेल, मिलवॉकीच्या शेजारच्या व्हाइटफिश बेमध्ये वाढलेला, तोही चाळिशीचा. त्याने उचलून पहिल्या बेसला फेकला. ६०० सेव्ह, इतिहासात पहिल्यांदा कोणाचे तरी. वर्षभराने मारियानो रिव्हेराने त्याचा ६०१ चा विक्रम मोडला, आणि २०१८ मध्ये हॉफमन हॉल ऑफ फेममध्ये गेला, पण ते पुढचं.

काही जण म्हणतात ती इनिंग देणं म्हणजे दानधर्म होता. असेना. सप्टेंबरमध्ये बाद झालेल्या संघाकडे द्यायला दुसरं काय असतं?

आणि अ‍ॅक्सफर्ड. २०११ मध्ये त्याने ४६ सेव्ह केले, क्लबचा विक्रम. २०१२ च्या जुलैमध्ये त्याचीही नववी इनिंग काढून घेतली. वय एकोणतीस. तेव्हा वयाचं म्हणाल तर ते इथे फार काही सांगत नाही.

तर तुमच्या पिचरचं: पुढची मॅच बघाल तेव्हा वेगाचा आकडा बघू नका. बॅटर त्याचा सगळ्यात चांगला चेंडू सोडतायत का, ते बघा. होमरन किती, तेही मोजा. आणि त्याला सातव्या इनिंगला आणलं तर बाथरूमला जाऊ नका.

आजोबांनी त्या रात्रीचा शेवटचा आउट लिहिला तो मी बघितला. ६-३. शॉर्टस्टॉप ते पहिला बेस, एवढाच अर्थ. मग त्यांनी वही मागे उलटली आणि एप्रिलमधली पिट्सबर्गची मॅच काढून दाखवली. तिथेही होमरनच्या जागी नेहमीचं चिन्ह होतं, तसंच बारीक, त्याच पेन्सिलीने. "तू त्या दिवशी काय ओरडत होतास रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, प्रार्थना.